मागच्या सीटवरून निवडायचा ट्रक: रोजचं ऑफिस आणि घरच्या सहली यांसाठी फुल-साइझ पिकअप घेताना

गेल्या जूनमध्ये आई सहा महिन्यांसाठी आली. डॅलसच्या डीएफडब्ल्यू विमानतळाच्या पार्किंगमध्ये आमचा नवा ट्रक बघून तिचा पहिला प्रश्न होता, "अगं, टेम्पो कशाला केलास? दोनच तर बॅगा आहेत." टेम्पो भाड्याचा नाही, आपलाच आहे म्हटल्यावर ती मागच्या दाराशी गेली आणि एक पाय वर टाकायला लागली. साडीने अडवलं. दुसरा पाय टाकून पाहिला, तोही जमेना. शेवटी नवऱ्याने हौद्यातला रिकामा कूलर काढून उलटा ठेवला आणि आईचा गृहप्रवेश कूलरवर पाय देऊन झाला.

ट्रक घेण्याआधी आम्ही तीन महिने अभ्यास केला होता. हॉर्सपॉवर, टॉर्क, किती पौंड ओढतो, सगळं तोंडपाठ होतं. साठी उलटलेल्या बाईला मागच्या दारातून एकदा चढवून बघावं, एवढं मात्र सुचलं नाही. हा लेख त्या चुकीतून आला आहे. अमेरिकेत राहणाऱ्या, आठवड्याचे पाच दिवस ऑफिसला जाणाऱ्या आणि सुट्टीत मुलं, आजी-आजोबा, सायकली नि तंबू घेऊन निघणाऱ्या घरांसाठी तो लिहिला आहे. आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो, म्हणून उदाहरणं टेक्ससची आहेत. क्रम मी मुद्दाम उलटा ठेवला आहे. डीलर इंजिनापासून सुरुवात करतो, आपण मागच्या सीटपासून करू.

आधी हे ठरवा: खरंच ट्रक हवा का?

घरात कायम किती माणसं आहेत ते मोजा. पिकअपला तिसरी रांग नसते. चार दारांच्या मोठ्या केबिनमध्ये पाच जण बसतात. काही स्वस्त ट्रिम्समध्ये (ट्रिम म्हणजे एकाच मॉडेलचा कमी-जास्त सोयींचा प्रकार) पुढे कन्सोलच्या जागी सलग बाक मिळतो आणि सहावा माणूस मावतो, पण मधल्या त्या जागेत गुडघे डॅशबोर्डला टेकतात आणि लहान मुलाला तिथे बसवणं योग्य नाही. तेरा वर्षांखालच्या मुलांनी मागेच बसावं, असा इथला सर्वसाधारण सल्ला आहे. त्यामुळे दोन मुलं, तुम्ही दोघं आणि आई-बाबा दोघंही दर वर्षी सहा महिने राहत असतील, तर इथेच थांबा. शेवरलेची सबर्बन किंवा फोर्डची एक्स्पिडिशन बघा. त्याही अंगाने ट्रकच्याच जवळच्या आहेत, वर तिसरी रांग आणि बंद डिक्की मिळते. आमच्याकडे आई एकटीच येते, म्हणून पाचात भागलं.

दुसरा हिशोब हौद्याचा. वर्षातून किती वेळा उघडा हौदा लागतो ते प्रामाणिकपणे लिहून काढा. आमची यादी अशी होती: बागेसाठी माती आणि मल्च चार-पाच खेपा, सायकली महिन्यातून दोनदा, कॅम्पिंग तीन-चारदा, आणि गणपतीच्या मिरवणुकीत ढोल. ढोल-ताशा पथकात असाल तर ट्रकवाल्याची किंमत काय असते ते तुम्हाला माहीतच आहे. ऑगस्ट-सप्टेंबरात फोन थांबत नाही. वर्षाकाठी दोनदाच सामान आणायचं असेल तर होम डेपो या दुकानात तासावर ट्रक भाड्याने मिळतो आणि त्यात कमीपणा काही नाही.

टेप घेऊन गराजमध्ये जा

हे काम डीलरकडे जाण्यापूर्वी करायचं. मोठी केबिन आणि साडेपाच फुटांच्या आसपासचा हौदा असलेला कोणताही फुल-साइझ ट्रक सुमारे २३२ इंच लांब असतो. फोर्डचा एफ-१५०, शेवरलेचा सिल्व्हराडो, रॅम आणि टोयोटाचा टुंड्रा यांच्यात फरक आहे तो दोन-तीन इंचांचा. इथली बरीचशी गराजं वीस फूट खोल, म्हणजे २४० इंच. उरले आठ इंच, आणि ते पुढच्या-मागच्या दोन्ही बाजूंचे मिळून. त्यात भिंतीला वॉटर हीटर, भारतातून आणलेली लोखंडी कपाटं आणि तांदळाच्या गोण्या असतील तर ट्रक बाहेरच राहणार. मागे हिच बॉल, म्हणजे ट्रेलर जोडायचा गोळा, लावला की तोही मोजा.

उंची साधारण ७७ इंच भरते, म्हणजे साडेसहा फुटांना थोडी कमी. सात फुटी दारातून ट्रक जातो. पण ऑफिसच्या बहुमजली पार्किंगच्या तोंडाशी लटकणाऱ्या पाटीवरचा आकडा वाचून या. ६ फूट ८ इंच असेल तर जमेल. वर सायकलचा कॅरियर लावला तर नाही. रुंदी आरशांशिवाय ८० ते ८२ इंच, आरशांसह आठ फुटांच्या घरात. गराजचं दार आठ फुटी असेल तर आरसे मिटवल्याशिवाय आत घालायचं नाही. पॉवर-फोल्डिंग आरसे मला आधी चैनीची गोष्ट वाटत होते.

पार्किंगच्या पांढऱ्या पट्ट्या बहुधा १८ फुटांच्या असतात आणि ट्रक १९ फुटांच्या पुढचा. तो कुठेही लावला तरी नाक किंवा शेपूट बाहेर राहतं. शनिवारी संध्याकाळी पटेल ब्रदर्स या भारतीय किराणा दुकानासमोर हे चांगलं कळतं.

केबिनची नावं: इथे हमखास फसगत होते

प्रत्येक कंपनीने केबिनला वेगळं बारसं केलं आहे आणि एकीचं मोठं नाव दुसरीकडे छोट्या केबिनचं असतं. कुटुंबासाठी हवी ती मोठी केबिन: फोर्डमध्ये 'सुपरक्रू', शेवरले, जीएमसी आणि रॅममध्ये 'क्रू कॅब', टोयोटात 'क्रूमॅक्स'. छोटी केबिन: फोर्डची 'सुपरकॅब', शेवरले आणि टोयोटाची 'डबल कॅब', रॅमची 'क्वाड कॅब'. जाहिरातीत 'डबल कॅब, चार दारं' वाचून आपण हुरळून जातो. पण टुंड्राच्या डबल कॅबमध्ये मागे पायांना ३३ इंच जागा असते, आणि क्रूमॅक्समध्ये साडेएकेचाळीसच्या वर. आठ इंचांचा हा फरक म्हणजे मागे तोंड करून लावलेली बाळाची सीट बसणार की नाही, याचा फरक.

मोठ्या केबिन्समध्ये रॅम सर्वांत ऐसपैस आहे, ४५ इंचांच्या वर. फोर्ड आणि शेवरले ४३-४४च्या आसपास. खरं तर एवढं झालं की कुणाचीच तक्रार उरत नाही. त्यापेक्षा पाठीचा कोन महत्त्वाचा. ट्रकची मागची पाठ भिंतीला चिकटून सरळ उभी असते आणि झोपलेल्या मुलाची मान सारखी पुढे पडते. रॅमच्या काही ट्रिम्समध्ये मागची पाठ थोडी कलते. बिग बेंडपर्यंतचा नऊ तासांचा रस्ता डोळ्यांसमोर आणा, मग ते 'थोडी' किती ते कळेल.

डीलरकडे जाताना मुलांच्या कार सीट्स सोबत न्या आणि स्वतः बसवून बघा. सेल्समन कितीही म्हणाला, "सगळ्या बसतात, मॅडम," तरी. ट्रकमध्ये कार सीटचा वरचा भाग गाडीला बांधणारा टेदर पट्टा अडकवायची पद्धत साध्या कारसारखी नसते. बऱ्याच ट्रक्समध्ये तो सीटच्या मागच्या कापडी फासातून ओवून शेजारच्या सीटमागच्या फासात अडकवावा लागतो. त्यासाठी पाठ पुढे ओढायची, हात आत घालायचा. मला पहिल्यांदा वीस मिनिटं लागली. मॅन्युअलमध्ये चित्र असतं. तेवढं पान आधी वाचा.

सुरक्षेचीही पाहणी मागच्या सीटची करा. विमा कंपन्यांच्या पैशावर चालणारी आयआयएचएस ही संस्था गाड्या आदळवून तपासते. २०२२ पासून तिने एका चाचणीत ड्रायव्हरच्या मागे साधारण बारा वर्षांच्या मुलाच्या आकाराचा पुतळा बसवायला सुरुवात केली. त्या नव्या चाचणीत मोठ्या ट्रक्सची पहिली तुकडी सपशेल घसरली: टुंड्राला 'मार्जिनल', तर एफ-१५०, सिल्व्हराडो आणि रॅम तिघांना 'पुअर'. कंपन्या दर वर्षी पट्टे आणि एअरबॅगा सुधारतात, म्हणून संस्थेच्या संकेतस्थळावर तुम्ही घेणार त्याच वर्षाचं, त्याच केबिनचं मॉडेल उघडून बघा. एका वाक्यातलं 'फाइव्ह स्टार सेफ्टी' ऐकून समाधान मानू नका.

आता आजी. ज्यांना ट्रकमध्ये बसवायचं आहे त्यांनाच बसवून बघा. त्या भारतात असतील तर तुमच्या उंचीतून सहा इंच वजा करून स्वतः चढा. दाराच्या खांबावर पकडायला मूठ आहे का, पायरी कुठे येते, आणि मुख्य म्हणजे ती पायरी रुंद आहे की नुसती गोल नळी? पावसात त्या नळीवरून चप्पल सटकते. आम्ही नंतर सपाट, रबराचे दाते असलेली पायरी बसवली. दार उघडल्यावर आपोआप खाली येणाऱ्या विजेच्या पायऱ्या आणखी खाली येतात, म्हातारीकोतारी असलेल्या घरात त्या सोयीच्या आहेत. पण त्या महाग असतात, आणि त्यांचं वजन कुठे खर्ची पडतं ते पुढे बघू.

पिवळा स्टिकर

ड्रायव्हरचं दार उघडा. खांबावर टायरच्या हवेची माहिती देणारा पांढरा-पिवळा स्टिकर असतो. त्यावर एक वाक्य छापलेलं असतं: माणसं आणि सामान यांचं एकत्रित वजन अमुक पौंडांपेक्षा कधीही जास्त नसावं. हाच त्या ट्रकचा पेलोड. जाहिरातीतला आकडा विसरा. तो सर्वांत हलक्या, सर्वांत उघड्याबोडक्या मॉडेलचा असतो. स्टिकरवरचा आकडा तुमच्यासमोर उभ्या असलेल्या ट्रकचा असतो. शेजारशेजारच्या दोन एफ-१५०मध्ये तीनशे-चारशे पौंडांचा फरक मी स्वतः फोटो काढून आणला आहे.

फरक का पडतो? काचेचं मोठं छत, २२ इंची चाकं, थंड-गरम होणाऱ्या सीट्स, विजेच्या पायऱ्या या सगळ्यांना वजन आहे. ट्रक जितका महाग, तितका त्याचा पेलोड बहुधा कमी. साठ-सत्तर हजारांचा दिमाखदार ट्रक पंचेचाळीस हजारांच्या साध्या भावंडापेक्षा कमी ओझं उचलतो, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला गंमत वाटली होती.

आमचा हिशोब सांगते. आम्ही दोघं ३३० पौंड, आई १३०, दोन मुलं १०५. झाले ५६५. कूलर, तंबू, खुर्च्या, बॅगा, पाणी आणि आईचा स्वतंत्र खाऊचा डबा, सगळं धरून २५०. एकूण ८१५. ट्रेलर नसेल तर कोणताही ट्रक हे हसत उचलेल. पण कॅम्पर, म्हणजे राहायची सोय असलेला ट्रेलर, ओढायचा म्हटलं की गणित फिरतं. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर, म्हणजे ट्रकच्या पाठीवर येतो. भरलेला कॅम्पर ५,००० पौंडांचा असेल तर १२ टक्क्यांनी ६०० पौंड. वजन वाटून देणारा हिचचा सांगाडा ८०. आता बेरीज १,४९५. आम्हाला आवडलेल्या वरच्या ट्रिमच्या स्टिकरवर १,३९० होते आणि तिथे उभा असलेला सेल्समन म्हणत होता, "हा अकरा हजार पौंड ओढतो!" ओढेलही कदाचित. पण पाच माणसं आणि सामान घालून नाही, कारण ओढायची मर्यादा येण्याच्या कितीतरी आधी पाठ भरते. आम्ही मधली ट्रिम घेतली, स्टिकरवर १,७५०.

एक बारीक गोष्ट: कारखान्यातून निघाल्यावर डीलरने लावलेली पायरी, हौद्यावरचं झाकण, मोठे टायर यांचं वजन त्या आकड्यातून तुम्हीच वजा करायचं. स्टिकरला ते माहीत नसतं.

नावांतले १५० किंवा १५०० हे आकडे 'हाफ-टन' वर्गाचे. पूर्वी या वर्गातले ट्रक खरंच अर्धा टन, म्हणजे हजार पौंड माल न्यायचे. आज त्याहून पुष्कळ जास्त नेतात, नाव मात्र चिकटून राहिलंय. मोठा कॅम्पर असेल तर २५० किंवा २५०० वर्गात जावं लागतं. पण रोज ऑफिसला तो ट्रक घेऊन जाऊ नका. रिकामा असताना तो खडखडाट करतो आणि दुपारी जेवण झाल्यावर ते पोटाला कळतं.

इंजिन आणि पेट्रोलचा हिशोब

आता इंजिन. इथे लोक महिनोन्‌महिने भांडतात, मी लवकर आवरते.

रोज ६० मैल, वर्षाला २४० दिवस, म्हणजे १४,४०० मैल. प्रत्यक्षात गॅलनला १९ मैल देणारा ट्रक ७५८ गॅलन पिईल आणि २४ देणारा ६००. तीन डॉलर गॅलन धरलं तर २,२७४ विरुद्ध १,८०० डॉलर. वर्षाला पावणेपाचशे डॉलरचा फरक. हायब्रिडसाठी तीन-चार हजार जास्त मोजत असाल तर नुसत्या पेट्रोलमधून ते वसूल व्हायला सहा-आठ वर्षं लागतील. हेच ६० मैल ३८ देणाऱ्या हायब्रिड एसयूव्हीने केले तर ११-साडेअकराशे डॉलर पुरतात. त्यामुळे नवरा-बायकोपैकी ज्याचा प्रवास लांबचा आहे त्याने छोटी गाडी घ्यावी आणि ट्रक जवळच्या ऑफिसवाल्याकडे द्यावा. आमच्या घरी या वाटणीवर दोन रविवार गेले.

ढोबळमानाने, फोर्डचं २.७ लिटर टर्बो व्ही६ रोजच्या कामाला पुरून उरतं. शहर-हायवे मिळून २१-२२च्या आसपास. फोर्डचा हायब्रिड पॉवरबूस्ट २३ ते २५. टुंड्राचा आय-फोर्स मॅक्स हायब्रिड ताकदीसाठी आहे, ४३७ हॉर्सपॉवर. काटकसरीसाठी तो घेतलात तर हिरमोड होईल. सिल्व्हराडो आणि जीएमसी सिएराचं ३ लिटर डिझेल हायवेला सर्वांत गोड चालतं, पण रोजचा प्रवास पाच-सात मैलांचा असेल तर ते टाळा. डिझेलच्या धुराच्या गाळणीतली काजळी जळून ती साफ व्हायला लांबचा, गरम प्रवास लागतो. रॅमने २०२५ला हेमी व्ही८ काढून सहा सिलिंडरचं हरिकेन आणलं आणि लोकांनी ओरड केल्यावर २०२६ मॉडेलला हेमी परत आणलं. आवाजासाठी पैसे मोजायचे असतील तर खुशाल मोजा, फक्त ते आवाजासाठी आहेत हे घरी कबूल करा.

ट्रेलर मागे लावला की कोणत्याही पेट्रोल ट्रकचं मायलेज जवळजवळ निम्म्यावर येतं. तेव्हा टाकी मोठी असलेली बरी.

पॉवरबूस्टच्या बाजूने एक मुद्दा पेट्रोलपलीकडचा आहे. हौद्यातल्या सॉकेट्समधून २.४ किलोवॅट वीज मिळते, वरच्या पर्यायात ७.२. फेब्रुवारी २०२१च्या हिमवादळात टेक्ससची वीज गेली, तेव्हा अशा ट्रक्सवर लोकांनी घरातले हीटर आणि फ्रिज चालवले. ज्यांनी ती थंडी घरात बसून काढली त्यांना हा मुद्दा समजावून सांगावा लागत नाही. शांतपणे सांगायचं तर कॅम्पिंगला याच सॉकेटवर इंडक्शन लावून आई पिठलं करते आणि शेजारच्या तंबूतली मंडळी वासावर येतात.

दोन चाकं की चार

डॅलस, ह्यूस्टन, ऑस्टिन, फ्लोरिडा इथे इंजिनाची ताकद फक्त मागच्या चाकांना देणारा ट्रक पुरतो. तो स्वस्त, हलका आणि मैलभर जास्त मायलेज देणारा. मात्र रिकाम्या हौद्यामुळे मागचा भाग हलका असतो, पहिल्या पावसात सिग्नलवरून जोरात निघालात तर शेपूट हलते. शिकागो, मिनेसोटा, डेन्वर, बॉस्टनकडच्यांनी चार चाकांचाच घ्यावा, पण आत '४ए' किंवा 'ऑटो' असा पर्याय आहे का ते विचारा. तो नसेल तर चार चाकं फक्त बर्फात किंवा चिखलात लावायची. कोरड्या रस्त्यावर लावली तर वळताना गिअरची यंत्रणा ताणली जाते. रस्ता कधी ओला, कधी कोरडा असलेल्या गावात मग सारखं बटण फिरवत बसा. आणि बर्फात थांबवतात ते टायर. चार चाकं फक्त निघायला मदत करतात.

कमानपाटे, स्प्रिंग आणि आपली पाठ

एफ-१५० आणि सिल्व्हराडोच्या मागे अजून कमानपाटे असतात, आपल्याकडच्या मालट्रकसारखे, अर्थात बरेच सुधारलेले. रॅमने २००९मध्ये आणि टुंड्राने २०२२मध्ये मागे कॉइल स्प्रिंग घेतल्या. रॅममध्ये हवेचं सस्पेन्शनही मिळतं, ते थांबल्यावर गाडी खाली बसवतं. आजीला चढायला तेवढे दोन इंच कामी येतात. निव्वळ आरामाचं विचाराल तर माझ्या मते रॅम पहिला. आम्ही तो घेतला नाही, कारण गराजमध्ये तो सर्वांत रुंद ठरला.

चाचणी-फेरी डीलरच्या आवडत्या गुळगुळीत रस्त्यावर घेऊ नका. तुमच्या ऑफिसच्या रस्त्यावर घ्या, तीही रिकाम्या हौद्यानिशी. आमच्याकडच्या हायवेंवर काँक्रीटचे सांधे असतात, दर सांध्याला ठक-ठक होतं आणि छोटा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) किंवा कडक टायर असेल तर पंधरा मैलांत डोकं उठतं. एकाला मागे बसवा आणि त्याचं मत घ्या. चाकं १८ इंची ठेवा. २०-२२ इंचीवर टायरची भिंत पातळ होते, धक्का थेट आत येतो आणि टायर बदलायचं बिलही वाढतं. चिखलाचे दातेरी ऑल-टेरेन टायर दिसतात झोकात, पण हायवेवर घुमतात आणि पेट्रोल खातात. ॲक्सलचं गुणोत्तर, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनाकडून येणाऱ्या दांड्याचे किती फेरे, ते विचारायलाही लाजू नका: ३.९२पेक्षा ३.२१ किंवा ३.३१ रोजच्या हायवेला काटकसरीचं, ओढायचं असेल तर मोठा आकडा.

समोरचा कॅमेरा आणि चारही बाजूंचं दृश्य यावर पैसे खर्च करा. या ट्रक्सचं नाक इतकं उंच आणि चौकोनी असतं की पुढे उभं असलेलं चार वर्षांचं मूल ड्रायव्हरला दिसतच नाही. आयआयएचएसच्या २०२३च्या अभ्यासात ४० इंचांहून उंच बॉनेटच्या गाड्यांनी पादचाऱ्यांचा जीव जाण्याची शक्यता, ३० इंच किंवा त्याहून बुटक्या, उतरत्या बॉनेटच्या गाड्यांच्या तुलनेत सुमारे ४५ टक्के जास्त आढळली. आमच्याकडे नियम आहे: ट्रक सुरू होताना मुलं एकतर आत, नाहीतर घराच्या पायरीवर आजीच्या हाताला.

हौदा आणि भाजणी

विमानतळावरून घरी येताना वाटेत पाऊस लागला. हौद्यावर घडीचं झाकण होतं. विकणाऱ्याने ते 'वॉटरप्रूफ' म्हणून दिलं होतं. घरी येऊन बॅग उघडली तर दोन किलो थालिपिठाच्या भाजणीचा लगदा झाला होता. आई काही बोलली नाही, नुसती पिशवी पिळत राहिली. तेच जास्त लागलं. झाकणं बरंचसं पाणी अडवतात, सगळं नाही. पुढच्या कोपऱ्यांतून आणि मागच्या फळीच्या फटीतून ते शिरतंच. सहलीला निघताना झाकणबंद प्लॅस्टिकचे खोके घ्या, कापडी बॅगा आत केबिनमध्ये ठेवा. कायम प्रवास असेल तर हौद्यावर बसणारी फायबरची टपरी, इथे तिला टॉपर म्हणतात, बघा.

हौद्याची लांबी साडेपाच फूट घ्यायची की साडेसहा? सायकली, खुर्च्या, मातीच्या गोण्या साडेपाचात बसतात. प्लायवूडचा आठ फुटी तक्ता मागची फळी उघडून नेता येतो. साडेसहा हवा असेल तर गराज पुन्हा मोजा.

किंमत, कागद आणि डीलरची केबिन

दर्शनी किमतीवर कारखान्यातून आणण्याचे दोन हजारांहून जास्त डॉलर चढतात, वर टेक्ससमध्ये ६.२५ टक्के कर. जुनी गाडी त्याच डीलरला दिलीत तर तिची किंमत वजा करून कर लागतो, हे विसरू नका. सौदा कधीही महिन्याच्या हप्त्यावर करू नका; ई-मेलवर 'आउट-द-डोअर', म्हणजे कर-शुल्क सगळं धरून, आकडा मागा आणि तीन डीलरांकडून मागा. टायरमध्ये नायट्रोजन, रंगावर संरक्षक थर, दारांच्या कडांना पट्ट्या, असल्या ओळींवर काट मारायला सांगा. रॅमचं 'लोन स्टार' म्हणजे इतरत्र विकलं जाणारं 'बिग हॉर्न'च. टेक्ससच्या नावाने ऊर भरून येऊ देऊ नका.

व्हीआयएनचं, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकाचं, पहिलं अक्षर बघा. १, ४ किंवा ५ म्हणजे अमेरिकेत जुळवलेली गाडी, २ कॅनडा, ३ मेक्सिको. सिल्व्हराडो तिन्ही देशांत बनते. २०२५ ते २०२८ या वर्षांसाठी, अमेरिकेत जुळवलेल्या नव्या गाडीच्या कर्जावरचं व्याज वर्षाला १०,००० डॉलरपर्यंत करपात्र उत्पन्नातून वजा करता येतं. मात्र जोडप्याचं उत्पन्न दोन लाखांच्या वर गेलं की ही सवलत आटत जाते. आणि कुणी पार्टीत सांगेल, "सहा हजार पौंडांच्या वरचा ट्रक घे, धंद्यात पूर्ण वजावट मिळते." ती धंद्यासाठीच्या वापरावर मिळते. घर ते ऑफिस हा प्रवास धंद्यात धरत नाहीत.

वापरलेला घेत असाल तर हिचच्या नळीत वाकून बघा: आत घासून चकाकत असेल तर त्या ट्रकने आयुष्यभर ओझं ओढलंय. उत्तरेकडच्या राज्यांतला असेल तर खाली झोपून चेसिसचा गंज पाहा. सतरा अंकी-अक्षरी व्हीआयएन एनएचटीएसए या सरकारी वाहन-सुरक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून रिकॉल, म्हणजे दोषामुळे कंपनीने दुरुस्तीला परत बोलावणं, राहिलाय का ते तपासा. गेल्या काही वर्षांत इंजिनाचे दोन मोठे रिकॉल झाले: २०२२ ते २०२४च्या टुंड्रांमध्ये इंजिनात राहिलेल्या धातूच्या कचऱ्याचा, आणि २०२१ ते २०२४च्या जीएमच्या ६.२ लिटर व्ही८चा, तो एकटा अमेरिकेत सुमारे सहा लाख गाड्यांचा. दुरुस्ती झाली असेल तर तिचा कागद मागा.

घरी आणल्यावर

गराजच्या छताला दोरीने टेनिसचा चेंडू बांधा. काचेला टेकला की थांबायचं. पहिले ५०० ते १,००० मैल ट्रेलर लावू नका, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. पहिल्या लांबच्या प्रवासाआधी सगळं सामान आणि माणसं भरून महामार्गावरच्या ट्रक स्टॉपच्या वजनकाट्यावर एकदा चढवा. थोडक्या डॉलरांत पुढच्या आणि मागच्या चाकांवरचा भार वेगवेगळा छापून मिळतो. आमचा कागद मिळाल्यावर आईने विचारलं, "माझं एकटीचं किती?" तेवढं त्या काट्यावर कळत नाही.